मागापासून मोटारीपर्यंत : सुझुकी आणि हलकेपणाचे गणित

सप्टेंबर २०२५ मध्ये भारताच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने प्रवासी मोटारींच्या इंधनवापराच्या पुढील निकषांचा मसुदा प्रसिद्ध केला. एप्रिल २०२७ पासून लागू करावयाच्या या निकषांच्या मसुद्यात एका आकड्यावरून बराच वाद झाला : ९०९ किलोग्रॅम. ज्या पेट्रोल मोटारीचे रिकामे वजन याहून अधिक नाही, इंजिन १२०० सीसीच्या आत आहे आणि लांबी ४ मीटरहून जास्त नाही, तिला कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबात किलोमीटरमागे ३ ग्रॅमची जादा सवलत द्यावी, असा तो प्रस्ताव होता. लहान मोटार मुळातच कमी इंधन जाळते, तेव्हा तिला थोडा आधार हवा, असे समर्थकांचे म्हणणे. ही रेषा एकाच कंपनीच्या सोयीची आहे, असा काही प्रतिस्पर्ध्यांचा आक्षेप. ती कंपनी म्हणजे मारुती सुझुकी.

यंत्राचा आकार अभियंता ठरवतो असे सर्वसाधारणपणे समजले जाते. प्रत्यक्षात अनेकदा तो कायद्यातील एखाद्या रेषेने ठरतो आणि अभियंता त्या रेषेच्या आत जागा शोधतो. सुझुकीचा शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास हा अशा रेषांच्या आत जागा शोधण्याचा इतिहास आहे. तिच्या यशाची आणि तिच्या चुकांची मुळेही तेथेच सापडतात.

जपानच्या शिझुओका प्रांतातील हमामात्सु हे शहर एन्शु या जुन्या कापूस-विणकामाच्या मुलखात येते. याच परिसरात स्वयंचलित मागांचे संशोधक साकिची तोयोदा जन्मले, ज्यांच्या उद्योगातून पुढे टोयोटा मोटार निघाली. याच शहरात यामाहाने वाद्यनिर्मिती सुरू केली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर होंडाने सायकलींना इंजिने जोडण्यास आरंभ केला. एकाच मुलखातून इतके यंत्रोद्योग उभे राहावेत यात नवल नाही. माग बनवणाऱ्या कारागिराला लाकूड, लोखंड आणि ठरावीक तालात होणारी हालचाल या तिन्हींची जाण लागते. धोटा क्षणभर जरी मागेपुढे झाला तरी धागा तुटतो.

मिचिओ सुझुकी हे मूळचे सुतारकाम शिकलेले. १९०९ मध्ये त्यांनी हमामात्सु येथे मागांचा कारखाना काढला आणि १९२० मध्ये त्याचे रूपांतर कंपनीत झाले. पट्टेदार कापड विणणारे त्यांचे माग लोकप्रिय झाले. पुढे आग्नेय आशियातील सारोंगसाठी लागणारे कापड विणणारे माग बनवून त्यांनी निर्यातही साधली. परंतु उत्तम माग वर्षानुवर्षे टिकतो. एकदा विकला की तोच ग्राहक लवकर परत येत नाही. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात सुझुकींनी मोटारीकडे लक्ष वळवले. ऑस्टिन सेव्हन ही छोटी ब्रिटिश मोटार त्यांनी अभ्यासासाठी उघडून पाहिली आणि काही नमुना मोटारी तयारही केल्या. युद्धामुळे हे काम थांबले.

युद्धानंतरच्या जपानमध्ये पैसा, पोलाद आणि इंधन या तिन्हींचा तुटवडा होता. १९५१ च्या सुमारास कापसाचा बाजार कोसळला आणि मागांची मागणीही आटली. १९५२ मध्ये सुझुकीने ३६ सीसीचे एक इंजिन बाजारात आणले. ‘पॉवर फ्री’ नावाचे हे इंजिन सायकलीला जोडता येत असे. चालक हवे तेव्हा पायडल मारी, हवे तेव्हा इंजिनावर जाई. १९५४ मध्ये कंपनीच्या नावात ‘मोटार’ हा शब्द आला आणि १९५५ च्या ऑक्टोबरमध्ये ‘सुझुलाईट’ ही तिची पहिली मोटार बाजारात आली.

सुझुलाईटचा आकार एका सरकारी चौकटीतून निघाला. १९४९ पासून जपान सरकारने ‘केइ’ म्हणजे हलक्या वाहनांचा स्वतंत्र वर्ग ठरवला होता. इंजिन आणि बाह्य मापे यांची मर्यादा पाळणाऱ्या वाहनाला कर कमी आणि नोंदणी सोपी. ज्यांना पूर्ण आकाराची मोटार परवडत नव्हती, त्यांच्यासाठी हा मधला मार्ग होता. १९५०च्या दशकाच्या मध्याला इंजिनाची मर्यादा ३६० सीसीवर स्थिरावली. ती १९७६ मध्ये ५५० सीसी आणि १९९० मध्ये ६६० सीसी झाली. १९९८ पासून लांबी ३.४ मीटर आणि रुंदी १.४८ मीटर ही बाह्य मर्यादा आहे.

इतक्या लहान चौकटीत चार माणसे बसवायची तर यंत्राने जागा कमी घ्यावी लागते. सुझुलाईटने त्यासाठी जर्मनीतील लॉईड या छोट्या मोटारीचा धडा गिरवला : इंजिन पुढे आणि तेच पुढची चाके फिरवणार. मागच्या चाकांपर्यंत शक्ती नेणारा लांब दांडा गेला, तळ सपाट झाला, वजनही घटले. जपानमध्ये त्या काळी ही रचना विरळा होती. हाकोनेचा खडा घाट ओलांडून टोकियो गाठणे ही नमुना मोटारीची परीक्षा ठरली.

या मोटारीचे इंजिन टू-स्ट्रोक होते आणि त्यामागेही तीच मर्यादा होती. फोर-स्ट्रोक इंजिनात दट्ट्याच्या चार फेऱ्यांमागे एकदा इंधन पेटते, टू-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांमागे एकदा. त्यामुळे तेवढ्याच सीसीत अधिक शक्ती मिळते. झडपा आणि त्यांना हलवणारी यंत्रणा नसल्याने सुटे भागही कमी. प्रत्येक सीसी मोजून मिळत असताना ही निवड स्वाभाविक होती.

टू-स्ट्रोकचे मर्म त्याच्या धुराच्या नळीत असते. जळालेला वायू बाहेर पडताना थोडे ताजे मिश्रणही त्याच्यासोबत निसटते. नळीला विशिष्ट फुगीर आकार दिल्यास दाबाची लहर तिच्या टोकावरून परत फिरते आणि निसटलेले मिश्रण पुन्हा इंजिनात ढकलते. पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन यांनी हे तंत्र पूर्णत्वाला नेले होते. १९६१ मध्ये त्या संघाचा मोटारसायकलस्वार अर्न्स्ट डेग्नर शर्यतीच्या निमित्ताने स्वीडनला गेला असताना पश्चिमेकडे पळून आला आणि सुझुकीत दाखल झाला. १९६२ मध्ये ५० सीसी गटाचे विश्वविजेतेपद डेग्नर आणि सुझुकी यांना मिळाले. शीतयुद्धाच्या काळात एका धूरनळीचे ज्ञानही सीमा ओलांडून जाण्याइतके मौल्यवान होते.

ज्या इंजिनाने सुझुकीला मोठे केले, त्यानेच तिला १९७०च्या दशकात अडचणीत आणले. लहरीची ती युक्ती इंजिनाच्या ठरावीक वेगालाच नीट साधते. इतर वेळी न जळलेले हायड्रोकार्बन आणि इंधनात मिसळलेले वंगण हवेत जाते. अमेरिकेत १९७० मध्ये स्वच्छ हवेचा कडक कायदा झाला आणि जपाननेही १९७८ पर्यंत तितकेच कठोर निकष आणले. होंडासारख्या कंपन्यांनी फोर-स्ट्रोकची ज्वलनक्रिया सुधारून मार्ग काढला. सुझुकीने टू-स्ट्रोकलाच स्वच्छ करण्याचा प्रयत्न केला आणि त्यात ती मागे पडली. अखेर १९७७ मध्ये टोयोटाच्या मध्यस्थीने दायहात्सु या प्रतिस्पर्धी कंपनीची फोर-स्ट्रोक इंजिने घेऊन तिला आपल्या मोटारीत बसवावी लागली. जुन्या कौशल्यावरची निष्ठा नव्या रेषेपुढे कशी उघडी पडते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

या अवघड काळातच, १९७८ मध्ये, ओसामु सुझुकी अध्यक्ष झाले. मिचिओ यांच्या नातीशी विवाह करून ते या कुटुंबात आले आणि जपानी प्रथेप्रमाणे त्यांनी सासरचे आडनाव स्वीकारले. १९७९ च्या मे महिन्यात त्यांनी ‘अल्टो’ आणली. त्या वेळी प्रवासी मोटारीवर वस्तुकर होता, मालवाहू वाहनावर मात्र नव्हता. अल्टोची नोंद मालवाहू वर्गात करण्यात आली : पुढे दोघांना आरामात बसता येईल, मागची बैठक घडीची. छोट्या मोटारीतून बहुधा एक-दोन माणसेच प्रवास करतात, हे निरीक्षण त्यामागे होते. किंमत देशभर एकच, ४ लाख ७० हजार येन. घरासाठी दुसरी मोटार हवी असणाऱ्यांनी, विशेषतः स्त्रियांनी, ती उचलून धरली. करनियमाच्या फटीतून निघालेली ही मोटार पुढे जगभर गेली.

भारतातील चित्र त्या वेळी वेगळे होते. उत्तरपाड्याची अँबॅसेडर १९५०च्या दशकातील ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डवर आधारलेली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी पद्मिनी इटलीच्या फियाट ११०० च्या कुळातील. देशभर वर्षाकाठी ५० हजारही मोटारी तयार होत नसत आणि नोंदणी करून ग्राहक वर्षानुवर्षे वाट पाहत. स्वदेशी छोट्या मोटारीचा १९७१ मध्ये सुरू झालेला संजय गांधी यांचा मारुती प्रकल्प फसला होता. १९७८ मध्ये ती कंपनी अवसायनात निघाली. सरकारने ती मालमत्ता ताब्यात घेऊन १९८१ मध्ये मारुती उद्योग स्थापन केला. व्ही. कृष्णमूर्ती आणि आर. सी. भार्गव हे तिचे आरंभीचे शिल्पकार. परदेशी भागीदाराच्या शोधात जगातील बड्या कंपन्यांनी फारसा उत्साह दाखवला नाही. सुझुकीने ऑक्टोबर १९८२ मध्ये करार केला आणि २६ टक्के भागभांडवल घेतले. नवख्या बाजारात, सरकारी कंपनीत, स्वतःचा पैसा घालणे हा त्या आकाराच्या कंपनीसाठी मोठा धोका होता.

१४ डिसेंबर १९८३ रोजी गुडगावच्या कारखान्यातून पहिल्या मारुती ८०० ची किल्ली पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते ग्राहकाला देण्यात आली. गाडी अल्टोच्याच कुळातील होती. भारतात केइ वर्गाची मर्यादा नसल्याने तिला ७९६ सीसीचे तीन सिलिंडरांचे फोर-स्ट्रोक इंजिन मिळाले. तिचे वजन साधारण साडेसहाशे किलो होते, तर अँबॅसेडरचे एक टनाहून अधिक. हा फरक ग्राहकाला पेट्रोलपंपावर जाणवला. मोटारीला थांब्यावरून वेग देताना लागणारी ऊर्जा थेट वस्तुमानाच्या प्रमाणात असते आणि टायरांचे रस्त्याशी होणारे घर्षणही वजनाबरोबर वाढते. सततच्या थांबण्या-निघण्याच्या शहरी रहदारीत हलकेपणा हाच इंधनबचतीचा सर्वांत खात्रीचा उपाय ठरतो. २०१४ च्या जानेवारीत उत्पादन थांबेपर्यंत भारतात ही गाडी २५ लाखांहून अधिक संख्येने विकली गेली.

गाडीइतकाच महत्त्वाचा होता तिच्यामागचा कारखाना. व्यवस्थापक आणि कामगार यांचा गणवेश एक, उपाहारगृह एक. कामगारांच्या सूचनांची नोंद. सुट्या भागांचा साठा कमीत कमी आणि दोष सापडताच काम थांबवण्याची मुभा. सुटे भाग भारतातच बनावेत यासाठी पुरवठादारांना तंत्रज्ञान आणि भागीदार मिळवून देण्यात आले. आज भारताचा वाहन-सुटे-भाग उद्योग ज्या अचूकतेवर उभा आहे, तिचा एक मोठा धागा येथून निघतो. या चित्राला दुसरी बाजूही आहे. कंत्राटी कामगारांचे वेतन आणि संघटनेचा हक्क यांवरून मानेसर येथे २०११ मध्ये संप झाले आणि जुलै २०१२ मधील हिंसाचारात एका अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. समान गणवेशाने समान वाटा मिळतोच असे नाही, हे त्या घटनांनी दाखवून दिले.

सुझुकीने आपल्या उत्पादनपद्धतीला ‘शो-शो-केइ-तान-बि’ असे सूत्ररूप दिले आहे : लहान, कमी, हलके, आखूड, नेटके. या सूत्राचे आकर्षण तिच्या गाड्यांत दिसते. १९९३ ची वॅगन आर घ्या. केइ नियमाने लांबी-रुंदी बांधली होती. उंचीला मात्र बराच वाव होता. अभियंत्यांनी छत उंच केले, बैठक सरळ केली आणि त्याच चौकटीत प्रशस्त गाडी बसवली. १९७० पासून चालत आलेली जिम्नी हे दुसरे उदाहरण. शिडीसारखी भक्कम सांगाडाचौकट, अखंड आस आणि अत्यल्प वजन यांमुळे जड गाड्या जेथे रुततात तेथून ती निघून जाते. तिचीच मोठी बहीण जिप्सी १९८५ पासून भारतीय डोंगराळ भागांत आणि सैन्यात रुळली. जानेवारी २०२५ मध्ये भारतात बनलेली पाच दारांची जिम्नी जपानमधील विक्रीसाठी जाहीर झाली, तेव्हा चार-पाच दिवसांत सुमारे ५० हजार मागण्या नोंदल्या गेल्या आणि कंपनीला नोंदणी थांबवावी लागली. १९८३ मध्ये तंत्रज्ञान ज्या दिशेने आले, त्याच्या उलट दिशेने आता गाड्या जाऊ लागल्या आहेत.

हलकेपणाची किंमतही असते. दोन वाहने समोरासमोर आदळतात तेव्हा संवेगाच्या नियमानुसार हलक्या वाहनाच्या वेगात अधिक बदल होतो : ७०० किलोची गाडी १४०० किलोच्या गाडीवर आदळली, तर तिच्या वेगातील बदल दुसरीच्या दुप्पट. म्हणून लहान गाडीचा सांगाडा अधिक विचारपूर्वक बांधावा लागतो. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतीय बाजारातील अल्टो ८०० आणि स्विफ्ट यांच्या एअरबॅग नसलेल्या आवृत्त्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळवून पाहिल्या. प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी दोन्हींना शून्य तारे मिळाले. त्या वेळच्या भारतीय कायद्यात अशी चाचणीच सक्तीची नव्हती. नियमाची रेषा जेथे होती तेथपर्यंतच गाडी पोहोचली होती. पुढे सरकारने धडक-चाचणी आणि एअरबॅग सक्तीच्या केल्या. २०२४ मध्ये त्याच संस्थेच्या चाचणीत नव्या डिझायरने पाच तारे मिळवले. उच्च ताणबलाचे पोलाद आणि धडकेचा जोर वाटून घेणारा सांगाडा वापरल्यास हलकेपणा आणि सुरक्षितता एकत्र नांदू शकतात, हे त्यातून सिद्ध झाले. तसे करण्याची सक्ती मात्र बाहेरून यावी लागली.

दुसरा धक्का जपानमध्ये बसला. मे २०१६ मध्ये सुझुकीने कबूल केले की इंधनवापराच्या चाचणीत तिने विहित पद्धत पाळली नव्हती. गाडी वेगात आणून इंजिन वेगळे करायचे आणि ती आपोआप किती वेळात मंदावते ते मोजायचे, ही नियमातील पद्धत. समुद्राजवळच्या उंचवट्यावरील तिच्या चाचणीमार्गावर वारा फार असल्याने कंपनीने टायर, ब्रेक इत्यादी भागांचा विरोध वेगवेगळा मोजून बेरीज केली होती. २१ लाखांहून अधिक वाहने या प्रकाराच्या कक्षेत आली. इंधनबचत हीच जिची ओळख, तिने मोजमापात सवलत घ्यावी, याची मोठी टीका झाली.

डिझायरच्याच इतिहासात रेषेचा आणखी एक प्रभाव दिसतो. २००६ पासून भारतात ४ मीटरच्या आतील छोट्या मोटारींना अबकारी करात सवलत मिळाली. २००८ ची पहिली डिझायर या मर्यादेबाहेर होती. २०१२ मध्ये तिची शेपटी छाटून लांबी ३९९५ मिलिमीटरवर आणली गेली. सामानाची जागा घटली, कर वाचला, विक्री वाढली. पाच मिलिमीटरांच्या अंतराने आखलेल्या अशा गाड्या आज भारतीय रस्त्यांवर सर्वत्र दिसतात.

आता रेषाच बदलत आहेत. भारतातील नव्या प्रवासी मोटारींत निम्म्याहून अधिक वाटा एसयूव्ही प्रकारच्या उंच, जड गाड्यांचा आहे. सध्याच्या इंधन-निकषांत कंपनीच्या गाड्यांचे सरासरी वजन जितके अधिक, तितके तिला अधिक उत्सर्जन मान्य असते. त्यामुळे वजन उतरवण्याचे बक्षीस मर्यादित राहते. विजेच्या मोटारींनी प्रश्न अधिक गुंतागुंतीचा केला आहे. २६ ऑगस्ट २०२५ रोजी गुजरातमधील हंसलपूर येथून सुझुकीची पहिली विद्युत मोटार ई-व्हिटारा निर्यातीसाठी रवाना झाली. तिच्यात ४९ किंवा ६१ किलोवॅट-तासांची बॅटरी असते आणि तिचे वजन दीड टनाहून अधिक भरते, म्हणजे मारुती ८०० च्या दुपटीहून जास्त. धूर नाही, परंतु तेवढे वस्तुमान हलवण्यासाठी वीज लागते आणि ती वीज व बॅटरीची खनिजे कोठून येतात हा हिशेब उरतोच.

कंपनीचे उत्तर दुहेरी आहे. एकीकडे तिने पुढच्या अल्टोचे वजन आणखी १०० किलोने घटवण्याचे उद्दिष्ट २०२४ मध्ये जाहीर केले. सध्याची जपानी अल्टो सुमारे ६८० किलोची आहे. दुसरीकडे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ आणि बनास डेअरी यांच्यासह शेणापासून वाहनांसाठी वायू तयार करण्याचे प्रकल्प तिने हाती घेतले आहेत. शेण उघड्यावर कुजते तेव्हा निघणारा मिथेन शंभर वर्षांच्या मापाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरतो. तो पकडून जाळला तर इंधनही मिळते आणि मोठे नुकसानही टळते.

ओसामु सुझुकी २५ डिसेंबर २०२४ रोजी वयाच्या ९४ व्या वर्षी निवर्तले. भारताने त्यांना २०२५ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण दिले. एका परदेशी उद्योगपतीचा हा सन्मान एका छोट्या गाडीमुळे झाला आणि ती गाडी एका देशाच्या करनियमातून व दुसऱ्या देशाच्या तुटवड्यातून घडली होती. केइ नियमाने जपानला लहान मोटार दिली, धुराच्या नियमाने टू-स्ट्रोक बाजूला सारले, धडक-चाचणीने सांगाडा बळकट केला, ४ मीटरच्या नियमाने शेपटी छाटली. प्रत्येक वेळी अभियंत्यांनी रेषेच्या आत उत्तर शोधले. रेषा चुकीच्या जागी असेल तर उत्तरही तसेच निघाले. म्हणून ९०९ किलोचा वाद एका कंपनीच्या नफ्यापुरता पाहू नये. वजन, सुरक्षितता आणि उत्सर्जन या तिन्हींना एकत्र मोजणारी रेषा आखली, तर पुढच्या पिढीची मोटार त्या तिन्हींना उत्तर देणारी निघेल. एकालाच मोजले, तर उरलेल्या दोहोंची किंमत रस्त्यावरचा माणूस मोजेल.